विश्लेषण : नगरच्या माळरानाची पहिली मोजदाद करणारे कर्नल साइक्स

सारा वसुलीसाठी जिल्ह्याची आकडेवारी गोळा करायला नेमलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने लांडगा, चिंकारा, वटवट्या आणि शिंगटी माशाचीही नोंद केली. दोनशे वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या माळावर आणि नद्यांत काय काय जगत होते, हे आज कळते ते बऱ्याच अंशी या नोंदींमुळे.

प्राणिशास्त्रात एखाद्या जिवाच्या शास्त्रीय नावापुढे त्याचे पहिले वर्णन करणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष लिहिण्याची पद्धत आहे. कर्जत, श्रीगोंदा, पारनेरच्या माळावर फिरणाऱ्या भारतीय लांडग्याच्या नावापुढे लिहिलेले असते ‘साइक्स, १८३१’. चिंकाऱ्यापुढेही तेच. सह्याद्रीतल्या शेकरूच्या उपप्रजातीपुढेही तेच. तळ्याकाठी मान आखडून बसणारा वंचक बगळा आणि घराच्या कुंपणात पाने शिवून घरटे करणारा राखी वटवट्या यांच्यापुढे ‘साइक्स, १८३२’. एका माणसाचे आडनाव एवढ्या ओळखीच्या जिवांना चिकटलेले, पण अहिल्यानगर जिल्ह्यात तो माणूस फारसा कोणाला माहीत नाही.

कोण होते साइक्स?

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. तेरा-चौदाव्या वर्षीच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात होते. पुढे मुंबई इलाख्याच्या फौजेत आले आणि १८१७ मध्ये खडकी आणि पुण्याच्या लढायांत पेशव्यांच्या विरुद्ध लढले. म्हणजे मराठी राज्य बुडवणाऱ्या फौजेतलेच ते एक अधिकारी. हे विसरून त्यांच्याकडे केवळ निसर्गप्रेमी म्हणून पाहता येणार नाही.

मात्र एक गोष्ट त्यांनी इतर गोऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा मनापासून केली. मराठी आणि हिंदुस्तानी या भाषा ते दुभाष्याचे काम करण्याइतक्या शिकले. त्याचा उपयोग पुढे कुठे झाला, ते मासे सांगतात. त्याविषयी नंतर.

१८२० मध्ये ते युरोपच्या प्रवासाला गेले आणि चार वर्षांनी परतले. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाईचा मुलूख हाती आला होता, पण त्यात किती गावे, किती माणसे, कोणती पिके, पाऊस किती, जमीन कशी, याचा भरवशाचा हिशेब कंपनीकडे नव्हता. एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये साइक्स यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे त्यांच्या अहवालात आले. त्या वेळचा नगर जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. नाशिक १८६९ मध्ये त्यातून वेगळे निघाले.

सर्वेक्षण महसुलाचे, नोंदी प्राण्यांच्या कशा?

कंपनीच्या नजरेत जमिनीचे मोल ती किती सारा देते यावर ठरत होते. काळी जमीन ज्वारी-कापूस देते म्हणून तिची प्रत वर. मुरमाड, खडकाळ, नुसते कुसळी गवत उगवणारा माळ काहीच देत नाही म्हणून तो पडीक. हा शब्द कागदावर एकदा चढला तो उतरलाच नाही. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी नकाशांतही गवताळ माळ ‘पडीक जमीन’ या सदरातच दाखवला जातो.

साइक्स याच यंत्रणेचे नोकर होते. पण गावोगाव फिरताना त्यांनी या सारा न देणाऱ्या जमिनीवर काय जगते तेही टिपायला सुरुवात केली. हवेचा दाब, पाऊस, खडकांचे थर, जमिनीची वतने, फळे, पक्षी, सस्तन प्राणी, मासे. आज या कामासाठी सात खाती लागतील. १८२९ च्या अखेरीस काटकसर म्हणून सरकारने त्यांचे पदच बंद केले. साइक्स यांनी रजा घेतली आणि स्वतःहून काम चालू ठेवले. १८३१ च्या जानेवारीत अहवाल पुरा करून ते इंग्लंडला गेले ते कायमचे.

पद बंद झाले तेव्हा गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. पुढे साइक्स यांनी काटेरी झुडपांत कलकलाट करत टोळीने फिरणाऱ्या मोठ्या राखी सातभाईला नाव दिले ‘माल्कमी’. कौतुक होते की चिमटा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

माळावर त्यांना काय दिसले?

इंग्लंडला पोचल्यावर त्याच वर्षी त्यांनी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी ठेवली. पुढच्या वर्षी पक्ष्यांची. पक्ष्यांपैकी ५६ शास्त्राला नवीन असल्याचे त्यांनी मांडले.

लांडग्याला त्यांनी नाव दिले कॅनिस पॅलिपीस, म्हणजे फिकट पायांचा. युरोपातल्या लांडग्याशी तुलना केली तर आपला लांडगा अंगाने लहान, केस आखूड, लोकर विरळ. एप्रिल-मेमध्ये तापणाऱ्या मुरमावर जगायचे तर जाड कातडे ओझेच होते. कळपही लहान, कारण शिकारीला रेनडिअरसारखी मोठी जनावरे नाहीत. ओढ्याच्या काठच्या कपारीत बीळ, पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार, दुपारी झुडपाच्या सावलीत पडून राहायचे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वात जुन्या शाखांपैकी एक असल्याचे दिसले. साइक्स यांनी त्याला वेगळे मानले होते ते रंग, केस आणि अंगलट पाहून. मधल्या काळात अनेकांना हा फरक तितका महत्त्वाचा वाटला नव्हता.

चिंकारा हा त्या लांडग्याच्या ताटातला मूळ घास. साइक्स यांनी त्याला सोसायटीचे सचिव बेनेट यांचे नाव दिले. चिंकारा पाण्यावाचून बरेच दिवस काढतो. पाला, शेंगा आणि पहाटेचे दव यांतून त्याची गरज बरीचशी भागते. म्हणूनच जिथे मेंढरूही तहानेने थकते तिथे तो टिकतो. खोकडालाही त्यांनी मराठी नावावरूनच ‘कोक्री’ म्हटले. हा लहान कोल्ह्यासारखा प्राणी उंदीर, टोळ, वाळवी खातो आणि बोराच्या दिवसांत बोरे. त्याच्या विष्ठेतून बोरीच्या बिया माळभर पसरतात, आणि त्या बोरीच्या झुडपात पुढे लावा आणि ससा आसरा घेतात.

या साखळीत माणूसही आहेच. धनगरांचे वाडे पावसाळा संपला की माळावरून फिरतात. शेतकरी शेतात मेंढरे बसवतो, लेंडीखत मिळते. लांडगा वाड्याच्या मागे राहतो, आजारी किंवा मागे पडलेले कोकरू उचलतो. धनगर त्याच्यावर कुत्री सोडतो, शिव्या देतो, पण त्याला माळाचाच एक भाग समजतो. काळवीट-चिंकारे घटत गेले तसा लांडग्याचा भार या मेंढरांवर वाढला आणि भांडण वाढले.

पक्ष्यांच्या पोटात काय सापडले?

साइक्स यांच्या पक्षियादीचे वेगळेपण इथे आहे. त्या काळात युरोपात पक्ष्यांचे कातडे, पिसे आणि चोच यांवरून नावे ठेवली जात. पक्षी जिवंत असताना काय करत होता याची फिकीर कमी. साइक्स यांनी मारलेल्या पक्ष्यांची पोटे उघडून आत काय आहे ते लिहून ठेवले, आतड्यांची लांबी मोजली, डोळ्यांचा रंग ताजा असतानाच टिपला. कोण किडे खातो, कोण धान्य, कोण दोन्ही, हे त्यामुळे समजले. आज ज्याला अन्नसाखळीचा अभ्यास म्हणतात त्याची दख्खनमधली ही सुरुवात म्हणायला हरकत नाही, जरी ती बंदुकीच्या जोरावर केलेली असली तरी.

त्यांनी नाव दिलेल्या सातभाईचेच पाहा. हे पक्षी एकत्र कुटुंबासारखे राहतात. एका जोडीच्या पिल्लांना टोळीतले इतरही भरवतात. या चांगुलपणाचा फायदा चातक घेतो. जूनच्या आसपास मृगाबरोबर आलेला चातक आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात ठेवून मोकळा होतो. पिल्लू परके, पण त्याला अळ्या आणून देतात ते सगळे सातभाई. म्हणजे ज्या पक्ष्याच्या हाकेवरून आपण पावसाचा अंदाज बांधतो, त्याची पुढची पिढी माळावरच्या काटेरी झुडपांवर आणि तिथल्या सातभाईंवर अवलंबून आहे. झुडपे तोडून माळ ‘साफ’ केला की दोघेही जातात.

माळढोकाचे काय झाले?

साइक्स यांच्या काळात दख्खनमध्ये माळढोक सर्रास दिसत होता. एका गृहस्थाने सुमारे हजार माळढोक मारल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. पक्षिसाहित्यात आणखी एक नोंद सापडते. त्यानुसार रॉबर्ट मॅन्सफील्ड या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात एकट्या नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. आकडा आणि काळ पाहता दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या असाव्यात.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. माळढोकाची मादी साधारणपणे एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. गवत फार उंच असेल तर तिला आजूबाजूचे दिसत नाही, फार खुरटे असेल तर लपता येत नाही. म्हणजे हलकी चराई असलेला माळ आणि मधूनमधून ज्वारी-हरभऱ्याची राने, असाच मुलूख तिला मानवतो. अशा सावकाश वाढणाऱ्या पक्ष्यातून एका जिल्ह्यात, एका बंदुकीने, वीस वर्षांत जवळपास हजार मारले गेले. आणि तरीही तो तेव्हा संपला नाही, यावरून मुळात संख्या किती असेल याचा अंदाज करावा.

बंदुकीतून जे वाचले ते पुढे नांगरणीने, कालव्यांनी आणि विजेच्या तारांनी नेले. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. जमिनीवर धोका हेरायला ते उत्तम, पण उडताना नाकासमोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि अंग इतके जड की ऐन वेळी वळता येत नाही. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात तालुकेच्या तालुके, गावे, शेते सगळे आले आणि लोकांचा रोष ओढवला. पुढे ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. आता महाराष्ट्रात माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० चे, अवघे २.१७ चौरस किलोमीटर. काळवीट तिथे टिकले, कारण त्यांना लहान जागा, राखलेले गवत आणि आसपासची शिवारे पुरतात. माळढोकाला ती सवलत नाही.

मासे मराठी नावांनी कसे ओळखले जाऊ लागले?

साइक्स यांच्या कामातला सर्वात लोभस भाग मात्र नदीतला आहे. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दख्खनचे मासे’ या निबंधात त्यांनी भीमा, मुळा-मुठा, घोड अशा नद्यांतल्या माशांची वर्णने दिली. नवीन माशाला लॅटिन नाव द्यायचा रिवाज. साइक्स यांनी लॅटिनच्या शेपटीला सरळ मराठी शब्द बांधले. शिंगटीला ‘सींगटी’, नकट्याला ‘नुक्ता’, पोटिलाला ‘पोटेल’, शिवाय खुद्री, कोलस, गोगरा, फुलुंगी, गुंगवारी, ताकरी. रोहटी हे तर त्यांनी संपूर्ण प्रजातिगटाचेच नाव करून टाकले. जगातल्या कुठल्याही मत्स्यशास्त्रज्ञाला आज ही नावे उच्चारावी लागतात.

ही नावे सांगितली कोणी? साहेब जाळे टाकत नव्हते. ती भोयांच्या, कोळ्यांच्या तोंडची आहेत, आणि त्यांतल्या एकाचेही नाव शास्त्रीय यादीत नाही. पण नावांतच त्यांचे निरीक्षण दडले आहे. नकट्या माशाचे नाक मध्येच खोल दबलेले, वर मांसल उंचवटा आणि तोंड खालच्या अंगाला. वाहत्या पाण्यात खडकावर चिकटलेले शेवाळ खरवडून खाणाऱ्या माशाला असेच तोंड लागते. भोयाने चेहरा पाहून नाव ठेवले, तो चेहरा नदीच्या तळाने घडवलेला होता. खडकाळ, वाहता तळ धरणाच्या गाळाखाली गेला की या माशाचे जेवणच जाते. आज नकटा संकटग्रस्त माशांत मोजला जातो.

मुसुल्ला या माशाची कथा आणखी गुंतागुंतीची. साइक्स यांनी त्याचे वर्णन शिरूरजवळच्या घोड नदीतल्या माशावरून केले. तिथे नदीच्या एका काठाला पुणे जिल्हा, दुसऱ्याला नगर. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला महसीरांच्या कुळात ढकलले आणि शंभराहून अधिक वर्षे तो तिथेच राहिला. २०१३ मध्ये संशोधकांनी जुने वर्णन नव्याने तपासून तो महसीर नसून वेगळ्याच गटातला असल्याचे दाखवले. इतकी वर्षे ज्या माशाला भलत्याच नावाने संरक्षणाच्या याद्यांत घातले, तो खरा कोणता हेच ठरलेले नव्हते.

हरिश्चंद्रगडावर काय पाहिले?

अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी साइक्स यांनी एक गोल इंद्रधनुष्य पाहिले. पाठीमागे सूर्य, समोर खाली दरीत दाट धुके, आणि धुक्यावर पडलेल्या स्वतःच्या सावलीभोवती रंगीत कडे. ट्रेकर मंडळी याला इंद्रवज्र म्हणतात. समाजमाध्यमांवर साइक्स यांनी ते १८३५ मध्ये पाहिल्याचे फिरत असते. ते खरे असू शकत नाही. १८३१ मध्येच त्यांनी भारत सोडला होता. १८३५ हे त्यांच्या दख्खनच्या हवामानावरील निबंधाच्या प्रकाशनाचे वर्ष. त्याच निबंधात त्यांनी दाखवून दिले की दख्खनमध्ये हवेचा दाब रोज ठरावीक वेळी दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो.

हवामानाचा हा नाद प्राण्यांपासून तुटलेला नव्हता. त्याच जिल्ह्यात पश्चिमेला घाटमाथ्यावर धो धो पाऊस, आणि पूर्व-दक्षिणेला कर्जत, जामखेड, श्रीगोंद्याकडे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. म्हणून एका टोकाला झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारणारे शेकरू आणि दुसऱ्या टोकाला झाड नकोच असलेला माळढोक. शेकरूच्या सह्याद्रीतल्या रूपाला साइक्स यांनी एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. जमिनीवर शक्यतो न उतरणाऱ्या या प्राण्याला सलग छत्र असलेले जंगल लागते. घाटातला रस्ता रुंद केला की त्याचे घर दोन तुकड्यांत विभागते.

चुका झाल्या का?

झाल्या. कोळसुंदा त्यांनी ‘दख्खनचा कुत्रा’ म्हणून नवा ठरवला. पण आशियातल्या त्याच प्राण्याचे वर्णन पल्लास या शास्त्रज्ञाने आधीच केले होते. खोकडही आधी नोंदलेलेच निघाले. त्यांनी ‘माहरट्टेन्सिस’, म्हणजे मराठ्यांचा, असे नाव दिलेला रातवा मुळात सिंध-कच्छकडच्या रुक्ष मुलखातला; दख्खनमध्ये तो हिवाळ्यापुरता उतरतो. ‘रामा’ हे नाव दिलेला छोटा वटवट्याही तसाच पाहुणा. साइक्स यांना ते इथे भेटले म्हणून ते इथलेच वाटले.

पुढे काय झाले?

इंग्लंडमध्ये साइक्स यांची कारकीर्द भरभराटीची ठरली. रॉयल सोसायटीचे सदस्य, लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक आणि पुढे अध्यक्ष, १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे चेअरमन, १८५७ पासून अॅबर्डीनचे खासदार. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी पाहिलेला जिल्हा त्यानंतर पार बदलला. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. जिरायती गावांची घडी बसली, पोरांच्या शाळा झाल्या. याचे मोल कोणी नाकारणार नाही. त्याच वेळी उसाने प्राण्यांचे पारडेही फिरवले. गवतावर जगणारा लांडगा, चिंकारा, खोकड मागे हटले आणि दाट आडोसा, बारमाही पाणी, वस्तीतली कुत्री-शेळ्या मिळालेला बिबट्या उसात स्थिरावला. संगमनेर, अकोले, राहुरीच्या पट्ट्यात आता बिबट्याची मादी उसाच्या फडातच पिल्ले घालते, आणि ऊसतोडीच्या मोसमात ती पिल्ले कामगारांच्या हाती लागतात.

उरलेल्या माळावर आता दोन्हीकडून दबाव आहे. एकीकडे ‘पडीक’ म्हणून तो सौर प्रकल्पांना आणि औद्योगिक वसाहतींना सोयीचा वाटतो. दुसरीकडे हिरवाईच्या चांगल्या हेतूने त्यात खड्डे घेऊन ग्लिरिसिडिया, निलगिरी लावली जाते. झाडांच्या सावलीत मूळ गवत मरते आणि गवतावरचे सगळे निघून जाते. रेहेकुरीत थंडीच्या दिवसांत दुर्बीण घेऊन येणाऱ्या पक्षिनिरीक्षकांच्या यादीत मात्र राखी वटवट्या, मोठा सातभाई, साइक्सचा चंडोल आणि बाभळीत टुणटुण उड्या मारणारा ‘रामा’ अजूनही नोंदले जातात.